झालं का बोलून

— पास करा? एवढंच? बस, बस खाली. उभं राहून मागणी करायची नसते, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलंय मी. 'सर, मला पास करा' — बरं, आणि पुढे? कारण नाही, पुरावा नाही, घरी कोणी आजारी नाही, काहीच नाही? आजवर या खुर्चीत बसून रडून गेलेल्या मंडळींनी निदान गोष्टी तरी रचून आणल्या होत्या — एकाने तर तीच आजी दोन सत्रांत दोनदा मारली, पण मारली तरी मेहनत घेऊन. आणि तू चार शब्द टाकलेस आणि बसलीस माझ्या तोंडाकडे बघत. हे काय आहे? बिझनेस स्कूलच्या शेवटच्या सत्रातली मुलगी ना तू? वाटाघाटी हा विषय माझ्याकडे शिकलीस ना? मग मांड की काहीतरी. नाही? बरं. मग मीच मांडतो तुझी बाजू, तुला कुठे जमणार आहे.

परवा काय झालं? परीक्षा झाली. साठ जणांच्या तीस जोड्या, एकाकडे गुलाबी कागद, एकाकडे हिरवा — एकाला जुना छापखाना विकायचाय, दुसऱ्याला घ्यायचाय, आणि आपापली मर्यादा फक्त आपल्या कागदावर. इतकी वर्षं मी हीच परीक्षा घेतोय. हॉलमध्ये नुसता बाजार भरायचा. पोरं टेबलं आपटायची, एक जण तर तरातरा बाहेर निघून गेला आणि जिन्यातून परत आला, कारण हिरवा कागद टेबलावरच राहिला होता. त्याला मी सर्वांत जास्त गुण दिले. आणि परवा? परवा वाचनालयात आल्यासारखं वाटलं मला. तीस टेबलं आणि तीसही टेबलांवर एकच वाक्य — 'तुमची बाजू आधी समजून घ्यायला मला आवडेल.' अरे, छापखाना घ्यायला आलायस की सांत्वनाला? साठ जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला जेवायला बसल्यासारखे — तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या. अर्धा वेळ संपायच्या आत सगळे सौदे पक्के, सगळे मधोमध, सगळ्यांचे हात हातात. मला तिथेच कळलं, ही तुमच्या मामाची वाणी.

मामाच म्हणता ना तुम्ही त्या एआयला? संचालकांनी त्याचं नाव ठेवलंय 'सहअध्यापक', पण पोरांनी बरोबर ओळखलं — कधी रागवत नाही, मागाल ते देतो, चुकलात तरी 'छान प्रयत्न' म्हणतो. मामाच तो. म्हणून मी विचारलं, मामाकडे सराव करून कोण कोण आलंय, हात वर करा. आणि हात किती वर आले? एक. तुझा. बाकी एकोणसाठ जण आपापल्या बुटांच्या नाड्या तपासत होते. उद्याचे व्यवस्थापक. आता नियम मीच लिहिलाय, सत्राच्या पहिल्या दिवशी वाचूनही दाखवलाय — तयारी स्वतःची स्वतः करायची, यंत्राकडून केली तर नापास. तू कबूल झालीस, तू नापास. यात माझा काय दोष? मी न्यायाधीश थोडाच आहे, मी नियम लावतो. आता तू म्हणशील, खरं बोलले त्याची ही शिक्षा. म्हण ना. म्हणून तर बघ, उत्तर तयार आहे माझं.

नाही म्हणत? ठीक आहे.

नोकरीचं मला माहीत आहे, ते सांगायची गरज नाही. प्लेसमेंटचे गृहस्थ सकाळीच येऊन गेले, गळ्यात ती ओळखपत्राची पट्टी, हातात कॉफी — 'सर, एका विषयात अडकली तर तिची ऑफर जाईल हो, कंपनी थांबणार नाही.' मी म्हटलं, कंपनीला सांगा, मामाला घ्या कामाला, तो पगारही मागत नाही. हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. तर — ऐक, मी काही राक्षस नाही. पुरवणी परीक्षा ठेवतो. पुढच्या आठवड्यात, तू आणि मी, समोरासमोर. बघ, हे मी दिलं. कोणी मागितलं नव्हतं.

अशी बघू नकोस. फोनकडे? फोनकडे नाही बघत मी, वेळ बघतोय. पाच वाजता जरा — ते जाऊ दे.

तुला वाटत असेल, सरांना नवीन काही झेपत नाही. सगळ्यांनाच वाटतं. सुटीत आमची कार्यशाळा झाली, 'बदलाशी मैत्री करा' — तो फलक अजून आहे बघ लिफ्टपाशी, एक कोपरा सुटलाय. दोन दिवस बिस्किटं खाल्ली आणि शेवटी प्रमाणपत्र. फायनान्सचे ते आमचे जाकीटवाले, ते आता स्लाइड्ससुद्धा वर्गातच पहिल्यांदा बघतात — मामा करतो, हे वाचतात, आणि स्वतःच चकित होतात. मार्केटिंगच्या बाईंचे पेपर मामा काढतो, पोरं मामाकडून सोडवतात, मामाच तपासतो. बाई मध्ये फक्त दिवे लावतात आणि घालवतात. आणि माझ्याबद्दल तुम्ही पोरांनी जे अभिप्राय लिहिलेत, त्यांचा सारांशही त्यानेच काढून दिला संचालकांना. तुम्ही लिहिलं असणार, 'सर फार बोलतात.' त्याने काय केलं? 'सरांचं वक्तृत्व विपुल असल्याचं विद्यार्थ्यांना जाणवतं.' विपुल! शिवी द्यायचीसुद्धा हिंमत नाही त्याच्यात. संचालक मला बोलावून तेच वाचून दाखवत होते, आणि पुढच्या वर्षी तुमचे तास निम्मे करू म्हणाले, सरावाचा भाग सहअध्यापक बघेल. मी म्हटलं, करा. मी भांडलो नाही. म्हणजे भांडलो, पण मुद्देसूद.

बरं, परीक्षा नको. पुरवणी म्हटलं की फॉर्म आला, सही आली, कंपनीला कळलंच. दोन पानं लिहून आण, स्वतःच्या हाताने, छापखान्याच्या सौद्यात काय चुकलं म्हणून. मी वाचतो, काठावर पास करतो. चालेल? — नुसती मान तरी हलव.

आणि त्या दोन पानांत मामाचा वास आला तर मला कळेल हं. मला बरोबर कळतं तो कसा बोलतो. आधी तुम्हाला शहाणं म्हणतो, मग तुमचंच वाक्य फिरवून तुम्हाला देतो, मग विचारतो आणखी काही मदत हवी का. मला कसं माहीत? कसं म्हणजे काय — बघितलाय मी वापरून. बघायला नको? ज्याच्यावर टीका करायची ते आधी तपासावं लागतं. इथेच, याच लॅपटॉपवर, गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुटीत, दार लावून. दार आवाजासाठी लावलं होतं.

छापखाना नाही दिला मी त्याला. छापखाना काय, सोपा असतो. मी त्याला म्हटलं, तू एक बाई आहेस. घर सोडून बहिणीकडे राहायला निघाली आहेस — चार दिवस नाही, राहायलाच. आणि मी तुला थांबवतोय. उदाहरण म्हणून, काल्पनिक. तर हा काय म्हणतो? 'तुमच्या भावना मला कळतात. चला, दोघांनाही मान्य होईल असा मार्ग शोधू.' आणि तीन वाक्यांत थांबायला तयार. वर माझे आभार. मी म्हटलं, अरे मूर्खा, ती इतकी सोपी नाही. जरा कडक हो. तर आरडाओरडा करायला लागला — 'तुम्ही माझा कधीच विचार केला नाही!' मी म्हटलं, ती ओरडत नाही. आयुष्यात कधी ओरडली नाही. ती गप्प बसते. तर पडद्यावर काय यावं — 'मी गप्प आहे.' तू सांग, गप्प बसलेलं माणूस कधी सांगतं का, मी गप्प आहे म्हणून? हे यंत्र आणि हे शिकवणार वाटाघाटी. तरी मी माझं काम सोडलं नाही, सगळे मुद्दे मांडले त्याच्यापुढे — घराची सवय, तिच्या गुडघ्याचे डॉक्टर इथेच आहेत, बहिणीचा स्वभाव, लोक काय म्हणतील हे मुद्दाम शेवटी. दहापैकी नऊ दिले मला. 'मांडणी प्रभावी आणि सहृदय होती.'

आणि तीच मांडणी आज सकाळी स्वयंपाकघरात — हो, तीच, मग काय, तयार होती ना. ती ओट्यापाशी बॅगेची चेन ओढत होती, अडकलेली. मी पहिल्या मुद्द्यापासून शेवटपर्यंत बोललो, एकही सोडला नाही. तिने चेन लावली, वर बघितलं, आणि म्हणाली, 'झालं का बोलून?' बस. झालं का बोलून. दहापैकी नऊवाली मांडणी. एकदा म्हणाली होती, तुझ्याशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा असते. मला ते तेव्हा कौतुक वाटलं होतं.

पाचला गाडी येणार आहे तिची. म्हणून घड्याळ.

तुला कशाला सांगतोय हे मी? तू पास-नापास विचारायला आलीस. ते निबंधाचं राहू दे. बी देतो, बी ग्रेड, काठावर वगैरे नाही, सरळ बी, आणि तुझी नोकरी —

थांब. थांब जरा. मी काय करतोय हे? नापासवरून पुरवणीवर आलो, पुरवणीवरून दोन पानांवर, दोन पानांवरून बीवर, आणि वर घरचंही सगळं — आणि तू अजून तोंड उघडलेलं नाहीस. आलीस, एक वाक्य बोललीस, आणि गप्प. इतका वेळ मी माझ्याशीच घासाघीस केली आणि माझ्याशीच हरलो. हे मामाने शिकवलं तुला? — नाही. त्याला कुठलं, त्याला गप्प बसताच येत नाही. मग कुणी?

वही उघडू नकोस, आठवलं मला. तिसरा तास. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं — मागायचं ते मागा आणि तोंड बंद ठेवा. लिहिलं, आणि मग त्यावर पाऊण तास बोलत राहिलो. वर्गातल्या साठातून तू एकटीने ऐकलंस. मी तर नाहीच.

दे इकडे तो निकालाचा कागद. बी. ए नाही देणार, ए मी कोणालाच देत नाही, गैरसमज नको. आणि उपकारही समजू नकोस. त्या दिवशी हॉलमध्ये मी 'हात वर करा' म्हटलं तेव्हा आणखी एक हात वर यायला हवा होता, तो फळ्यापाशी उभा होता आणि त्यात खडू होता. त्याला कोणी नापास केलं नाही. तर तू कशाला व्हायचं. घे. सही नीट आलीये ना?

ऊठ आता. जा. तुमच्या पिढीला आभार मानायला वेळ लागतो, तो बाहेर जाऊन घालव. — नाही, एक मिनिट. दारातच उभी राहा. मी फोन करतोय. मी मुद्दे काढायला लागलो तर काही बोलू नकोस, नुसती बघ माझ्याकडे, मघापासून बघत होतीस तशी.

— हॅलो. हं, मीच. गाडी आली का? ... बरं. खाली उतरलीस? ... हे बघ, मी काय म्हणतो, पहिली गोष्ट अशी की तुझ्या गुडघ्याचे —

नाही. काही नाही.

तू जाऊ नकोस.