आलिमाचे मत

दि. १४ ऑक्टोबर २००४

मी, आलिमा इब्राहिम मुकादम, वय ४१ वर्षे, धंदा घरकाम, राहणार दासगाव, ता. महाड, जि. रायगड, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी भाऊ मुसैब व त्याच्या बायकोमुलांसह राहते. लहानपणी देवी आल्या, त्यात माझे दोन्ही डोळे गेले. लग्न झालेले नाही. आई वारली तेव्हा मुसैब रांगत होता. त्याला मी वाढवले. आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे.

काल विधानसभेचे मतदान होते. कोणत्या चिन्हापुढचे बटण दाबायचे ते मी निघतानाच मुसैबला सांगितले. तो "बरं आपा" म्हणाला. शाळेतील केंद्रावर केंद्राध्यक्षांनी त्याला माझा सोबती म्हणून आत सोडले. मतदाराचे मत कोणाला सांगणार नाही, असे त्याने लिहून दिले. माझ्या बोटाला शाई लागली. मग मशीन वाजले.

बाहेर फाटकाशी मुसैब एका माणसाला हळूच म्हणाला, "आपाचं पण आपल्यालाच हाय." मला ऐकू आले. तो माणूस दुसऱ्याच उमेदवाराचा कार्यकर्ता. त्याला मी आवाजावरून ओळखते. त्यांच्या प्रचाराला मुसैबचा टेम्पो फिरत होता. मी विचारले, "कुठलं दाबलंस रे?" तो म्हणाला, "तुला काय फरक पडतो गो? तुला थोडंच दिसणार हाय कोण निवडून आला ते."

मी भिंत धरून परत आत गेले. केंद्राध्यक्ष म्हणाले, "बाई, एकदा मशीन वाजलं की मत मागे घेता येत नाही." मी म्हणाले, "माझं बोट बटणावर नेऊन ठेवलं असतं तर मीच दाबलं असतं." त्यांनी पुढच्या मतदाराला आत बोलावले.

बहिणीची दुबईहून पत्रे येतात, ती मुसैबच वाचतो. माझ्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे तेही तोच सांगतो. काल घरी गेल्यावर मी बाटली हातात घेऊन बसले. औषध घेतले नाही.

मत कोणाला द्यायचे होते, असे साहेबांनी विचारले. ते मी सांगत नाही. ते मी फक्त मुसैबला सांगितले होते.

त्याला अटक करू नये, त्याच्यावर खटला घालू नये. असे घडले एवढे सरकारी कागदावर राहावे, म्हणून शेजारीण सकिना हिला सोबत घेऊन आले. मुसैब बाहेर उभा आहे, असे ती सांगते. तिला पुढे बाजारात जायचे आहे. मी घरी त्याचाच हात धरून जाणार आहे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. नंतर मी तो सकिनाकडून पुन्हा वाचून घेतला. दोघांचे वाचन सारखे निघाले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. अंगठा कुठे ठेवायचा ते तिने दाखवले. ठेवला मी.