तिसऱ्या पानाच्या तळाशी

अध्यक्षस्थानी विराजमान असलेल्या आपल्या सरपंच नीतूताई, टपाल खात्याच्या वतीने गोंदियाहून खास आलेले आदरणीय भैय्यालालजी, आजचे सत्कारमूर्ती आणि चौतीस वर्षे आपल्या दारात सायकलची घंटी वाजवणारे आपले पोस्टमन कवडूजी टेंभरे, व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्यामुळे खाली बसलेले मान्यवर, आणि खालीच बसण्याची सवय असलेल्या माझ्या ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटे दिलेली आहेत. निरोपाच्या भाषणाला ती पुरेशी आहेत. परंतु आज तीस जून आहे, आणि 'बांधी' या माझ्या मासिक पत्रकाच्या यंदाच्या, म्हणजे दोन हजार नऊच्या, जानेवारी अंकात मी असे छापून बसलो आहे की, तीस जूनला मी स्वतःच्या प्रगतीचा सहामाही आढावा जाहीरपणे घेईन. सभागृह मिळाले आहे, माईक आहे, माणसेही दुसऱ्याच्या नावाने का होईना जमली आहेत. तेव्हा दोन्ही कामे एकत्र उरकण्याची परवानगी अध्यक्षांनी द्यावी. ताई मान हलवत आहेत. ती होकाराची आहे असे मी धरतो.

तीस जूनच का, असा प्रश्न कोणी विचारणार नाही. कवडूजींना शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख लिहिली एक जुलै, म्हणून नोकरी आज संपते. माझीही एक जुलै. या सभागृहात एक जुलैला जन्मलेले किती जण आहेत? ... राहू द्या, हात खाली करा. धानाच्या हंगामातही एवढे हात एका वेळी दिसत नाहीत.

पाहुण्यांसाठी माझा परिचय. मी यादोराव. तीस वर्षे वायरमन होतो. त्या काळात माझ्या घरी माणसांची रीघ असायची. लाइट गेली की अख्खे गाव माझ्या ओसरीवर. "यादोरावजी, कवा येते जी?" मी सांगायचो, येते. लोक बसायचे, बोलायचे, अनुसयाबाईंच्या हातचा चहा प्यायचे आणि लाइट आली की उठून जायचे. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कोणी आले नाही. लाइट पूर्वीइतकीच जात होती. फक्त लोक आता नव्या वायरमनकडे जात होते. मला हे लागले. खोटे कशाला बोलू, फार लागले.

म्हणून मी 'बांधी' काढले. धानाच्या शेताचा बांध घातलेला एक तुकडा म्हणजे बांधी, तेवढेच छोटे. चार पाने. गोंदियाला मुन्नालालजींच्या छापखान्यात छापतो. पहिल्याच अंकाला मुन्नालालजींनी विचारले होते, "यादोरावजी, सब ठीक है, मगर पढ़ेगा कौन?" अडीच वर्षे मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधत होतो.

अंक मी गावातल्या गावातही पोस्टानेच पाठवतो, बुक पोस्टने. पुष्कळांनी टोकले, अरे चार पावलांवर घरे आहेत, हाताने दे. हाताने देऊन पाहिला. लोक म्हणतात, ठेवा तिथं. पोस्टमनने आणला की हात पुसून घेतात. खात्याच्या नियमाप्रमाणे बुक पोस्टचे वेष्टन दोन्ही टोकांना उघडे ठेवावे लागते, हे भैय्यालालजी जाणतातच. हा नियम लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

तर जानेवारीत मी वर्षाचे चार संकल्प छापले. एक, संपादकीय आटोपशीर लिहीन. दोन, चुकीची माहिती देणार नाही. तीन, मला वाचते कोण, याचा जूनपर्यंत छडा लावीन, आणि कोणीच नसेल तर गपगुमान पत्रक बंद करीन. चौथा संकल्प मला आठवत नाही. तो अंक शोधला, पण घरी उरलेल्या प्रती गुलाबचंदजींच्या किराणा दुकानात गेल्या आणि तिथून चिवड्याबरोबर गावभर गेल्या. त्या अर्थाने खप चांगला आहे.

तिसऱ्या संकल्पासाठी मी एक युक्ती केली. जानेवारी अंकात तिसऱ्या पानाच्या अगदी तळाशी, शेणखतावरच्या लेखाच्या शेवटी एक ओळ टाकली. 'इथवर वाचणाऱ्याने माझ्या घरी चहाला यावे.' बस. कुणाला काही बोललो नाही. ओसरीवर खुर्ची टाकून बसलो.

जानेवारीत एकच माणूस आला. गुलाबचंदजी. माझी छाती भरून आली. मी आत ओरडलो, चहा टाका! ते चहा प्यायले, शेणखताबद्दल मी छेडले तर "हो हो" म्हणाले, आणि मग त्यांनी शिडी मागितली. शिडी अजून त्यांच्याकडेच आहे. ते समोर बसले आहेत, म्हणून आठवण करून दिली.

फेब्रुवारीत मी चहाबरोबर चिवडा जाहीर केला. मार्चमध्ये पोहे. एप्रिलमध्ये जेवण. मे महिन्यात मी सुवारी आणि वडे छापले, जे आमच्याकडे लग्नाशिवाय होत नाहीत. कोणी आले नाही. अनुसयाबाई एक दिवस म्हणाल्या, "काऊन जी, कोणाची वाट पाहून राहिले रोज?" मी म्हटले, कोणाची नाही. आमच्या घरातही तिसरे पान वाचले जात नाही, हे त्या दिवशी कळले.

जूनच्या अंकात त्याच जागी मी लिहिले, 'हा शेवटचा अंक. आजवर वाचले असेल तर आभार.' छापायला दिले आणि घरी येऊन खुर्ची आत ठेवून दिली.

आता सत्कारमूर्तींकडे येतो. श्रोत्यांना वाटले असेल, विसरला.

जूनची बारा तारीख. कवडूजी माझ्या दारात आले. माझ्यासाठी टपाल नव्हते. सायकल भिंतीला लावली आणि खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. चौतीस वर्षांत या माणसाने कोणाच्या दारात पिशवी खाली ठेवलेली कोणी पाहिली आहे? मला वाटले, कोणीतरी गेले.

कवडूजी म्हणाले, "यादोरावजी, हे तिसऱ्या पानाच्या तळाशी लिवलं हाय, ते कसं वाचू?"

मी म्हटले, अक्षर पुसट आले आहे का?

"अक्षर चोख हाय जी. पण तीन दिवस झाले, रामबाईच्या घरी मी अर्ध्यातच थांबून राहिलो. पुढचं मले वाचवत नाही."

मग कळले. रामबाई मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना वाचता येत नाही. अंक मुलाच्या नावाने येतो, मुलगा भिलाईला. सुरुवातीला त्यांनीच सांगितले, "कवडूभाऊ, उघडंच त हाय, वाचून दाखव ना बाप्पा." कवडूजींनी वाचले. शेजारचे ऐकायला आले. मग दुसऱ्या गल्लीत. होता होता गावातली त्रेचाळीस घरे. ज्यांना वाचता येते तेही ऐकतात, कारण कवडूजींच्या तोंडून बरे वाटते म्हणे. महिन्याचे आठ-दहा दिवस या गावात रोज माझे पत्रक मोठ्याने वाचले जात होते, आणि मी ओसरीवर खुर्ची टाकून वाचक शोधत होतो.

मी विचारले, मग चहाला एकही माणूस का आला नाही?

कवडूजी शांतपणे म्हणाले, "ते ओळ मी गाळून टाकत होतो जी. त्रेचाळीस घरं हायत. वहिनीचं काय झालं असतं?"

सभ्य स्त्री-पुरुषहो, सहा महिन्यांची माझी परीक्षा या एका माणसाच्या भलेपणामुळे वाया गेली. आणखी चौकशी केली. संपादकीय लांबले की ते आपल्या मनाने आवरते घेतात. मार्च अंकात मी रामबाईंच्या दारात दोन आंब्याची झाडे लिहिली होती. "एक त दोन वर्षांमागं पडलं जी. मी एकच वाचलं." म्हणजे माझे संकल्प पूर्ण झाले आहेत, परंतु ते कवडूजींनी पूर्ण केले आहेत. चौथाही त्यांनी केला असेल. काय होता ते त्यांनाच ठाऊक.

शेवटी मी चिडून म्हटले, अहो, पण तुम्ही तर वाचत होता ना? निदान तुम्ही यायचे! ड्युटीवर ते कोणाकडे चहा घेत नाहीत, हे मला माहीत आहे. एका घरी घेतला तर त्रेचाळीस घरी घ्यावा लागतो. आत्ताही बघा, त्यांच्यापुढचा कप तसाच आहे, कारण चहा आला तेव्हा ड्युटी संपायचे पाच वाजायचे होते. पण रविवार तर असतो!

कवडूजी पिशवी उचलत म्हणाले, "आलो असतो जी. पण मी दुसऱ्याचा अंक वाचून राहिलो ना. माह्या नावानं अंक कधी आला नाही."

रागाने नाही बोलले. सायकलवर बसले आणि निघून गेले.

मी आत गेलो आणि रडलो. तीस वर्षे खांबावर चढणारा माणूस, रडलो. एकशे ऐंशी पत्ते माझ्या वहीत आहेत. नागपूर, भिलाई, बालाघाट. माझ्या मेहुण्याच्या साडूचाही आहे. त्यात कवडूजींचा नव्हता. जो सगळ्यांच्या नावाचे टपाल आणतो, त्याच्या नावाचे काही येत असेल का, हा विचार अडीच वर्षांत माझ्या डोक्यात आला नाही. आपल्यापैकी किती जणांच्या आला? उत्तर देऊ नका.

आढावा संपत आला. जुलैचा अंक निघाला आहे. हा बघा. वेष्टन दोन्ही टोकांना उघडे, तिकीट लावलेले, आणि पत्ता मी स्वतः लिहिला आहे. कवडूजी टेंभरे, हनुमान मंदिरामागे. तो नवीन पोस्टमननेच उद्या द्यायला हवा होता, नियमाने तेच बरोबर. भैय्यालालजींनी आजच्यापुरते तिकडे पाहावे. घ्या कवडूजी. हा तुमचा.

पुढच्या सहामाहीचा संकल्प एकच आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या ओसरीवर 'बांधी' वाचले जाईल. कवडूजींची तयारी असेल तर वाचतील तेच, जिथे आवरायचे तिथे आवरतील. रामबाई, तुम्ही या. त्रेचाळीसही घरांनी या. लाइट असली तरी या. चहा मिळेल. चिवडा, पोहे, जेवण आणि सुवारी-वडे हेही छापील शब्द आहेत आणि मी ते मागे घेत नाही. हे मी अनुसयाबाईंना घरी सवडीने सांगणार होतो. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनाही तुमच्याबरोबर आत्ताच कळले.

सरपंचताईंनी सभागृह दिले, पाहुणे वेळात वेळ काढून आले, आपण सर्वांनी एका वायरमनचे इतके ऐकून घेतले, त्याबद्दल मनापासून आभार. पाच मिनिटांची वीस झाली, बोलण्याच्या ओघात कोणाचे नाव राहिले असेल, कोणाची शिडी नको तिथे निघाली असेल, तर पदरात घ्या.

अनुसयाबाईंची जागा आता रिकामी दिसते आहे. रागावून गेल्या की आधण ठेवायला गेल्या, ते घरी गेल्यावरच कळेल. कवडूजी, पाच वाजून दहा मिनिटे झाली. आता तुम्ही ड्युटीवर नाही, आणि अंकही तुमच्या नावाचा आहे. तिसरे पान उघडा, तळाशी पाहा, आणि आज ती ओळ गाळू नका.