सडवायला ठेवलेलं ताट

...नाही हो, ताटाला कागद लावला होता मी! ठळक अक्षरांत! 'सडवायला ठेवलंय. खाऊ नये.' आता याहून सोपं मराठी काय लिहायचं? आणि तेही मास्तरांच्या घरात! तुम्हाला सांगतो, इंजिनिअरिंग सोडून मुरुडच्या वाडीत परत आलो तेव्हापासून माझा एकच उद्योग, फणसाच्या आठळ्यांच्या पिठाची फिल्म. प्लास्टिकसारखी पातळ, पण खायची! आत मसाला भरा, पुडीसकट भातात टाका, पुडी विरघळून जाते. काकाला किती वेळा सांगितलं. आमचा यज्ञेश्वरकाका, निवृत्त हेडमास्तर, सगळं नाकातून, "म्हणजे शेवटी पापडच ना रे सलिल? त्यासाठी मुंबईला कशाला गेला होतास?"

तर फिल्म कुजते कशी ते बघायला एक ताट मी गोठ्यात ओल्या गोणपाटाखाली ठेवलं. झकास कुजलं! हिरवी बुरशी, बघून अंगावर काटा! मग तपासायला अलिबागला न्यायचं म्हणून अंगणात वाळत टाकलं. शेजारी काकूचे पोह्याचे पापड. आणि मी गेलो आंघोळीला. माणसाने आंघोळही करू नये?

बाहेर येतो तर काकाच्या पंचाहत्तरीची पंगत बसलेली, आणि माणगावच्या आत्यापासून तळ्याच्या मामांपर्यंत प्रत्येकाच्या पानात माझी फिल्म. तळलेली! फुललेली! सुचित्राकाकू हातात झारा घेऊन, "तुझेही घेतले हो तळायला, माझे कमी पडले. मिरची वाटून घातलीस ना? हिरवे ठिपके कित्ती छान दिसतायत!" मिरची!! चष्मा लावत नाही ही बाई, म्हातारी दिसते म्हणून! आणि परातीत तेल टिपायला खाली काय घातलंय? माझा कागद. 'खाऊ नये'वर तेलाचा हा एवढा डाग.

आणि यातलं कोणी गेलं तर?

आत्याला मधुमेह, मामांना स्टेंट... पोलीस विचारणार, बनवलं कोणी? मी. सडवलं कोणी? मीच! ओरडलो, "थुंका! बुरशी आहे ती! थुंका सगळे!" तर पंगत हसली हो! आत्या म्हणते, "एकट्याला खायचे असतील मेल्याला!" मामा म्हणतात, "मीठ जरा कमी पडलंय." आणि काका, "ज्याला कॉलेज पुरं करता आलं नाही, तो आम्हाला काय खावं ते शिकवणार!" म्हणून अजून एक घेतला. ताकात बुडवून! जन्मभर कोणाचं ऐकलं नाही या लोकांनी, मान्य... पण म्हणून काय मरायचं? आणि यातलं कोणी गेलं तर?

डॉक्टरांना फोन लावला. "उलट्या झाल्या तर घेऊन या, तोवर लक्ष ठेवा." लक्ष! जेवून सगळे ओटीवर आडवे, आणि मी मधोमध उकिडवा. एरवी यांच्या घोरण्याने माझं डोकं फिरतं, त्या दुपारी तुम्हाला सांगतो, गाणं वाटत होतं! आत्या घोरतेय, आहे! मामा घोरतायत, आहेत! काका... काका थांबला. संपलं! सरपटत गेलो, नाकाशी बोट धरलं. काही नाही. आणखी जवळ नेलं...

एक डोळा उघडला.

"झोप जा," काका म्हणाला. "तू विष जरी घातलंस ना, तरी अर्धवटच घालशील." आणि कूस बदलून घोरायला लागला.

एरवी केवढा भांडलो असतो! पण तिथेच बसून हात जोडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागितलं, की म्हाताऱ्याचं म्हणणं खरं असू दे.