सहा पांढऱ्या रेघा

मेस्त्री : हातोडीची एक टिचकी मारली आणि विजेच्या तारेवरचा सगळा बर्फ खाली. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, साहेब तर लेप बनवणाऱ्या कंपनीला फोन करायला पळतच सुटले. आता त्या बर्फाचा मुडदा कशाला कापताय?

इंजिनिअर : मुडदाच खरं बोलतो, मेस्त्री. ती बारीक आरी द्या.

मेस्त्री : लवकर उरका. उणे पाचात माझं नाक मघाशीच राजीनामा देऊन गेलंय.

इंजिनिअर : हातमोजा काढा आणि तारेवर नख फिरवा.

मेस्त्री : गुळगुळीत आहे. कंपनीचा लेप लावलाय ना, बर्फ धरू नये म्हणून.

इंजिनिअर : जरा खरवडा.

मेस्त्री : आयला! हा तर बर्फच की.

इंजिनिअर : एक मिलिमीटर. काचेसारखा आहे, म्हणून कुणाला दिसला नाही. तो लेपाला घट्ट चिकटून बसलाय. लेपानं बर्फ सोडलाच नाही, बर्फानं बर्फाला सोडलं.

मेस्त्री : म्हणजे घटस्फोट झाला, पण भलत्याच जोडप्याचा.

इंजिनिअर : आता हा खाली पडलेला तुकडा उजेडात धरा. काय दिसतं?

मेस्त्री : कांद्यासारखे पापुद्रे. मध्येमध्ये पांढऱ्या रेघा. एक, दोन... पाच.

इंजिनिअर : आणि जिथून तो सुटला तिथं सहावी, अगदी आतली. या थंड खोलीचं दार उघडलं की तारेवरचा पाण्याचा फवारा आपोआप थांबतो, बाहेरची दमट हवा आत घुसते आणि तिचं भुसभुशीत दंव बसतं. दार लावलं की परत चांगला बर्फ. म्हणजे एक रेघ, एकदा दार.

मेस्त्री : बर्फ चुगली करतो हे कॉलेजात शिकवतात होय?

इंजिनिअर : वेळेसकट करतो. फवारा ताशी अर्धा मिलिमीटर थर चढवतो. सुरू केला मंगळवारी सकाळी नऊला. तारेपासून चार मिलिमीटरवर रेघ आहे, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी पाच. सोळावर आहे, म्हणजे बुधवारी संध्याकाळी पाच. बरोबर चोवीस तासांचं अंतर. मेस्त्री?

मेस्त्री : ...मेव्हण्याचा फ्रीज बिघडला होता. चार किलो मासळी होती. एका रात्रीचा तर प्रश्न, म्हटलं!

इंजिनिअर : तरीच माझ्या कोटाला मासळी बाजाराचा वास येत होता. मला वाटलं, नवीन लेपाचा असेल.

मेस्त्री : आणि बुधवारी दुपारी या तीन रेघा लागोपाठ? त्या माझ्या नाहीत. साहेब पाहुण्यांना घेऊन आले होते, कानटोपी घालून फोटो काढायला. तीनदा आले. पहिल्या दोन फोटोंत त्यांचे डोळे मिटले होते.

इंजिनिअर : ते वरवरचे थर आहेत, तिथं काही बिघडलं नाही. घोळ आतल्या रेघेनं केलाय. एक मिलिमीटरवर आहे, म्हणजे मंगळवारी, अकरा वाजता. खरं सांगा.

मेस्त्री : अकराला मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलो होतो. दार कसलं उघडतोय! चिठ्ठी दाखवू?

इंजिनिअर : नको.

मेस्त्री : मग कोण?... बाई, अशा का बघताय?

इंजिनिअर : मी, मेस्त्री. पहिला थर नीट धरला का, ते बघायला आले होते. माझी पहिलीच चाचणी ना. राहवलं नाही.

मेस्त्री : हात्तिच्या! मग आता ऐका. हे तुम्हाला माहीत, मला माहीत आणि बर्फाला माहीत. बर्फ मी बादलीत टाकतो. उद्या तुमचे सहा महिने भरतात, साहेब कायम करण्याचं पत्र देणार. शहाण्या माणसानं आज तोंड उघडू नये.

[साहेब आत येतात.]

साहेब : अरे, तुम्ही अजून इथंच कुडकुडताय? कंपनीचा मालक फोनवर गहिवरला! पुढच्या महिन्यात डोंगरातल्या सगळ्या तारांना हाच लेप. अहवाल किती वाजता देतेस?

इंजिनिअर : सर, चाचणी परत करावी लागेल. बर्फ लेपावरून सुटलाच नाही. दार उघडल्यामुळे आत दंवाचा कच्चा थर बसला होता, तिथून सुटला.

साहेब : दार कुणी उघडलं?

मेस्त्री : मी, साहेब. मासळी ठेवायला.

इंजिनिअर : त्यांची रेघ चार मिलिमीटरवर आहे, सर. घात केला तो एकवरच्या रेघेनं. ती माझी आहे.

साहेब : आणि या मधल्या तीन?

मेस्त्री : त्यांचे फोटो आहेत, साहेब.

साहेब : ...हे तुला उद्या, पत्र हातात पडल्यावर सुचलं नसतं का गं?

इंजिनिअर : उद्यापर्यंत तुम्ही अहवाल पाठवला असता, सर. पहिल्या हिमवादळात तारा बर्फानं जड होऊन खांब आडवे झाले असते, आणि अहवालाखाली सही माझी.

साहेब : मालकाला आता मी काय सांगू? गहिवर परत कर म्हणून?

मेस्त्री : दोन दिवस मागा, साहेब. मशीन माझ्यामुळे बंद होतं म्हणा. नाही तरी माझं नाव खराबच आहे.

साहेब : तू गप रे. चाचणी चुकली, तेच सांगतो. पत्राचं मात्र आता मला वर विचारावं लागेल. काय म्हणतील, शब्द देत नाही.

इंजिनिअर : हो, सर.

मेस्त्री : ...गेले. वर म्हणजे कुठं विचारणार हो? वर तर पाण्याची टाकी आहे.

इंजिनिअर : तार पुसून कोरडी करा, मेस्त्री. अर्ध्या तासात फवारा सुरू करू.

मेस्त्री : आणि दार?

इंजिनिअर : कुलूप लावा. किल्ली तुमच्या खिशात. मी मागितली तरी द्यायची नाही.

मेस्त्री : रडून मागितली तर?

इंजिनिअर : तर चहा पाजा.