गॅलरी झाली, मैदान राहिलं

आमच्या हिंगणघाटच्या भीमरावचं सांगतो. हा आमचा जुना गोलकीपर. फुटबॉलचं इतकं वेड, की अर्ज करकरून गावासाठी स्टेडियम त्यानंच मंजूर करवलं. जुनं मैदान खोदलं, मोठी गॅलरी बांधली, आणि तिथंच सगळा निधी संपला. तीन वर्षांत एक मॅच झाली नाही.

परवा संध्याकाळी पाहतो, तर रिकाम्या गॅलरीत भीमराव एकटाच बसलेला. समोर नुसते मुरुमाचे ढीग.

वर जाऊन विचारलं, "काऊन बे, इथं काय करून राह्यला?"

"आपला गोल कुठं होता, ते पाहून राह्यलो."

"त्या ढिगाच्या मागं."

"नाई, अलीकडं."

यावरून आम्ही चांगलेच भांडलो. शेवटी दोघंही खाली उतरलो. भीमरावनं पावलं मोजली, एका जागी उभा राहिला, हात पसरले आणि म्हणाला, "मार."

"अबे, बॉल कुठं हाये?"

"तू मार तं!"

मी हवेतच पाय मारला. खरं सांगतो, साठीचा माणूस उजवीकडं झेपावला, मुरुमात आडवा पडला. मी धावत गेलो, तर कपडे झटकत उठला.

"बाहेर गेला बे," म्हणाला, "तुहा शॉट अजूनही बाहेरच जाते."