दारव्ह्याच्या कव्वालीतली शिट्टी

आमच्या दारव्ह्यात कव्वालीचा मुकाबला झालता ना, त्याच्या कॅसेटीत एक जबरदस्त शिट्टी आहे. मी म्हणो माही, रफिक म्हणे त्याची. मंग कंपनीनं खरखर काढून नवी सीडी आणली. ती रफिकनंच पहिले घेतली, मले जळवाले.

त्याच्या घरी सारे आयकाले बसलो. मी म्हटलं, "कॅसेटचा आवाज दमदार होता."

"आयक तं खरं."

शिट्टी वाजली. तिच्यामागून आता एक आवाज साफ आला, "ओ रफिकचे अब्बा, खाली बसा ना."

रफिकच्या अम्मीनं अब्बाकडे पाह्यलं. "तुम्ही तं त्या राती कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्राच्या लाइनीत होते ना?"

अब्बा म्हणाले, "कॅसेटचाच आवाज बरा होता."

रफिक मातर खुश. "पाय, शिट्टी आमच्याच घरची निघाली."

तवापासून कॅसेटच्या बाजूनं दोघंच आहो, मी अन् अब्बा.