सुनावणीचा पिवळा फलक

कुत्र्याच्या परवान्यासाठी नगर-कचेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या लायल क्रँडलला पुढचे संभाषण ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. खिडकीबाहेर डोनटवाली व्हर्ना टटल होती. आत कारकून ऑरिन.

“व्हर्नाबाई, दुकानाची पाटी रस्त्यापासून वीस फूट आतच हवी.”

“वीस फूट आत माझं स्वयंपाकघर आहे रे! पाटी काय कढईत उभी करू?”

“म्हणून तर सवलतीचा अर्ज घेतला ना तुमचा?”

“तोवर गाड्या सरळ निघून जायच्या. वाटलं, हिवाळ्याआधी कुलूप लागणार दुकानाला.”

“सुनावणीची जाहीर सूचना लावलीत का?”

“लावली की! तुमचाच तो पिवळाधमक फलक, खाटेएवढा, रस्त्याला खेटून. त्याला नाही वाटतं वीस फूट?”

“तो नगराचा आहे. सुनावणी होईपर्यंत हलवायचा नाही.”

“हलवतंय कोण? लोक गाडी थांबवून तो वाचतात, आणि वाचून झालं की भूक लागते मेल्यांना. काल दुपारीच डोनट संपले.”

“छानच की! आता मंगळवारी सुनावणी.”

“तेच सांगायला आलेय. पुढे ढकल.”

“अहो, तीन महिने ‘लवकर, लवकर’ करून तुम्हीच माझं डोकं खाल्लंत!”

“खाल्लं. आता ढकल.”

“कधीपर्यंत?”

“तो फलक कुजून पडेपर्यंत.”